मधली 32 पानं

आधीच सांगून ठेवते, खाली कोण मेलं, कुणी मारलं, कसं मारलं सगळं येणारे, त्यामुळे ज्यांना अजून वाचायचंय त्यांनी इथूनच कलटी मारा. पण हॅरी पॉटरचा सहावा भाग येऊन 20 वर्षं होऊन गेली, तेवढ्यात मुंबईत मोनो आली, मेट्रो आली, सीएसटीचं सीएसएमटी झालं, आणि तुमचं अजून वाचायचंच असेल तर तो दोष माझा नाही.

तर त्या सहाव्या भागाची एक कॉपी माझ्याकडे आहे. कपाटातून काढली की नजर पहिली जाते ती कव्हरवर नाही, पानांच्या कडेवर. सगळं पुस्तक चहात बुडवून वाळवल्यासारखं पिवळट झालंय आणि शेवटाच्या जरा अलीकडे काडीएवढी पांढरीशुभ्र पट्टी. म्हणजे माणूस कुठे मरतो ते पुस्तक न उघडताच दिसतं.

झालं असं की 16 जुलै 2005ला, शनिवारी, पुस्तक जगभर एकदम विकायला आलं. लंडनला मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार, आणि माझ्या कॉलेजातली एक मुलगी वडिलांना गाडी काढायला लावून अंधारात जाऊन घेऊन आली. मी बारावीत. आमच्याकडे गाडीही नव्हती आणि हार्डकव्हरचे पैसेही नव्हते. तिच्याकडे मागितलं तर माझ्याआधी सात जणींचे नंबर लागलेले. शेवटी गुरुवारी फोर्टला गेले आणि फुटपाथवरून पायरेटेड उचललं, घट्ट प्लॅस्टिकात बांधलेलं, म्हणजे आत डोकवायची सोय नाही. कव्हरचा रंग जरा आजारी. विकणारा म्हणाला, ‘एकदम ओरिजिनल है.’ खोटं आहे हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

रविवारी दिवसभर वाचत बसले. संध्याकाळी पान 544. डम्बलडोर आणि हॅरी गुहेतून परत आलेत, म्हातारा ते विखारी पाणी पिऊन अर्धमेला झालाय, लांब शाळेवर आकाशात मृत्यूची खूण उगवलीय, मी पान उलटलं, आणि पान 577. सगळे दवाखान्याच्या खोलीत जमलेत, कुणी रडतंय, कुणी चिडलंय, आणि दोन परिच्छेदांत मला कळलं की डम्बलडोर गेला आणि मारला त्याच्याच शाळेतल्या मास्तरने, स्नेपने. कसा, का, काहीच नाही. पानं चिकटलीयत का बघितलं, नव्हती. मग तशीच पुढे वाचत गेले, तळ्याकाठी अख्खी शाळा, पांढरं थडगं, पुस्तक संपलं, आणि संपल्यावर पुन्हा 577. तोच दवाखाना, तेच थडगं. अंत्यविधी दोनदा, मृत्यू एकदाही नाही.

माझे बाबा बाइंडर. लालबागला एका गाळ्यात कामाला होते, दिवाळीआधी डायऱ्या, उन्हाळ्यात वह्या, एरवी पावतीपुस्तकं. पुस्तक वाचताना मी त्यांना कधी बघितलं नाही, पण हातात आलेलं कुठलंही पुस्तक ते असं बघायचे, जसं भाजीवाली दुसरीच्या गाडीवरची भाजी बघते. माझा चेहरा बघून त्यांनी ते घेतलं, उघडलंच नाही, फक्त कण्यावरून अंगठा फिरवला, पानं एकदा फर्रकन सोडली आणि म्हणाले, ‘फर्मा गेलाय.’

फर्मा म्हणजे एक मोठा कागद, दोन्ही बाजूंनी छापायचा, घड्या घालायच्या, की त्याची 16 नाहीतर 32 पानं होतात. असे फर्मे एकावर एक रचून पुस्तक होतं. रचणाऱ्या पोराने एक उचललाच नव्हता आणि पुढचा दोनदा उचलला होता.

‘महत्त्वाचं होतं का काही त्यात?’ बाबांनी विचारलं.

‘बाबा, त्यातच तो मेला.’

‘कोण?’

‘हेडमास्तर.’

बाबांनी जरा विचार केला. ‘मग तेवढं पाहिजेच,’ म्हणाले.

गाळ्याच्या मालकांच्या मुलीकडे खरी प्रत होती. ती एका दिवसासाठी मागून घ्यायची, जेवणाच्या सुट्टीत तेवढ्या पानांची झेरॉक्स काढायची, जास्तीचा अंत्यविधी काढून टाकायचा आणि तिथे ही पानं बसवायची, असं ठरलं. चोरीच्या पुस्तकात चोरीची झेरॉक्स, पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही. सोमवारी बाबा पुस्तक घेऊन गेले, मंगळवारी संध्याकाळी आणतो म्हणाले.

मंगळवार म्हणजे 26 जुलै.

मुंबईच्या माणसाला यापुढचं सांगावं लागत नाही. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर, आणि त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम 73-74, एकाच शहरात. बाबांना आधी वाटलं होतं की नेहमीसारखं हिंदमाताला तुंबलं असेल, तासाभरात ओसरेल. इकडे भांडुपला दुपारपासून लाइट गेलेले, फोन मेलेला, चाळीत तळमजल्यावरची माणसं गाद्या आणि सिलिंडर घेऊन वर आमच्या गॅलरीत. रात्री दहापर्यंत चाळीतली एकेक माणसं भिजून घरी येत होती आणि प्रत्येक वेळी जिन्यात पाय वाजले की आई दाराशी जायची.

आता इथे आजीबद्दल सांगायला हवं. आजीचा एक नियम होता, अभिमन्यूची गोष्ट सुरू केली की जयद्रथापर्यंत न्यायचीच, मधे उठायचं नाही. अभिमन्यू मरतो युद्धाच्या तेराव्या दिवशी आणि जयद्रथ चौदाव्या, पण आजीकडे दोन्ही दिवस एका बैठकीत. अभिमन्यू मरणार हे आम्हाला पाठ होतं, चक्रव्यूहात शिरायचं माहीत आणि बाहेर पडायचं नाही हे तर ती सुरुवातीलाच सांगून टाकायची, तरी रथाचं चाक उचलायच्या ठिकाणी धाकटा दर वेळी रडायचाच. मग सुभद्रेचा शोक, मग अर्जुनाची प्रतिज्ञा की उद्या सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन नाहीतर अग्निकाष्ठ भक्षण करीन, इथवर येता येता आम्ही पेंगायला लागलेलो असायचो आणि आजी हलवून उठवायची. ‘झोपू नका रे, अजून सूर्य दिसायचाय.’ आणि मग कृष्णाने झाकलेला सूर्य बाहेर यायचा, हा सूर्य आणि हा जयद्रथ, आणि मगच आम्हाला पाठ टेकायची परवानगी.

त्या रात्री धाकट्याने अभिमन्यूची सांग म्हणून हट्ट धरला. आजी म्हणाली, ‘आज नको.’

बाकीच्या मात्र सांगत राहिली. भुताच्या, तिच्या माहेरच्या विहिरीच्या, तिच्या लग्नात करंजीचं सारण कसं कमी पडलं त्याची, एक संपली की श्वास न घेता दुसरी, मेणबत्ती संपली तरी अंधारात. आणि मी, लाज वाटते सांगायला, खिडकीत बसून मधेमधे त्या 32 पानांचा विचार करत होते. मनोऱ्यावर झालं असेल का, समोरासमोर की पाठीमागून, हॅरी कुठे होता. बाबांचा विचार करवत नव्हता, डम्बलडोरचा करवत होता.

बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी आले. लालबागहून चालत सायनपर्यंत, पुढे छातीभर पाणी म्हणून मागे, रात्र कुठल्यातरी शाळेच्या जिन्यात, तिथे रात्री अनोळखी बायकांनी खिचडी आणून दिली, सकाळी हायवेने परत चालत. एका पायात चप्पल, तळव्यांची कातडी पांढरी पडून सुरकुतलेली. आई एक शब्द न बोलता चहा टाकायला आत गेली. आणि मी, सतरा वर्षांची घोडी, पहिला शब्द काय काढला असेल तर ‘पुस्तक?’

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. बाबा मात्र हसले. ‘वरच्या फळीवर ठेवलंय. कोरडं आहे.’

त्या आठवड्यात मुंबईत शेकडो माणसं गेली होती. पेपरात रोज फोटो, गटारं आणि मेलेली गुरं, अफवांचं पेव फुटलेलं. अशा आठवड्याच्या शेवटी, शनिवारी, बाबांनी पुस्तक आणून दिलं. चिकटवलेलं पायरेटेड, ते काय टिकणार म्हणून त्यांनी सगळंच उसवून, दाभणाने भोकं पाडून आडवी शिलाई मारली होती. मजबूत झालं पण पूर्ण उघडेना, आतल्या बाजूची अक्षरं कण्यात गडप, अंगठा दाबून धरायला लागायचा. आणि झेरॉक्सची ती पानं बाकीच्या कागदापेक्षा इतकी पांढरी की डोळ्यावर यायची.

त्या पानांत काय आहे ते ज्यांनी वाचलंय त्यांना माहीत आहे. डम्बलडोर मनोऱ्यावर निःशस्त्र, उभं राहण्याचीही ताकद नाही. ज्या पोराला त्याला मारायला पाठवलंय त्याचा हात उचलत नाही. शेवटी स्नेप येतो, म्हातारा त्याचं नाव घेतो आणि एक शब्द म्हणतो, प्लीज. आणि हॅरी तिथेच आहे, अदृश्य करणाऱ्या अंगरख्याखाली, डम्बलडोरनेच मंत्र टाकून त्याला खिळवून ठेवलंय. सगळं दिसतंय, हलता येत नाही, ओरडता येत नाही. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की अरे, ही तर माझीच अवस्था आहे, अंगठ्याने पान दाबून बसलेल्या बाईची. आणि मंत्र सुटून हॅरीला हलता येतं तेव्हा त्याला कळतं की मंत्र टाकणारा मेला. माझ्या मते अख्ख्या मालिकेतली ही सगळ्यात हुशार जागा, रडवायला शब्दच वापरले नाहीत, नुसतं हलता आलं.

मी हमसून हमसून रडले. दोन अंत्यविधी करून बसलेली मी, कोण मेलं, कुणी मारलं सगळं पाठ असलेली. बाबा बनियनवर चहा पीत बसले होते.

‘मेला का?’

‘हो.’

‘तुला माहीत होतं ना?’

मी मान हलवली. बाबा पुढे काही बोलले नाहीत. टीव्ही लावायला उठले होते, तो न लावता परत बसले.

कॉलेजात मग दोन वर्षं नुसतं रणकंदन. स्नेप गद्दार की नाही, ते प्लीज म्हणजे ‘मला मारू नको’ की ‘मार आता’, याच्यावरून कॅंटीनमध्ये मैत्र्या तुटल्या, खोटं नाही सांगत. 21 जुलै 2007ला शेवटचा भाग आला तेव्हा कळलं की ते ‘मार’ होतं, अंगठीच्या शापाने डम्बलडोर तसाही वर्षभरात जाणारच होता आणि त्यानेच स्नेपकडून वचन घेतलं होतं. म्हणजे तोच शब्द, तेच पान, आणि अर्थ बरोब्बर उलटा. मी ती पांढरी पानं परत काढून वाचली. त्या वेळी रडू आलं ते स्नेपसाठी.

यानंतर मला वाटलं की आता माझी कातडी जाड झाली. तर 2012च्या डिसेंबरमध्ये जॉर्ज मार्टिन भेटला, ज्याच्या पुस्तकांवरून टीव्हीवरची ‘गेम ऑफ थ्रोन्स’ निघाली तो. तोपर्यंत मी नोकरीला लागले होते आणि वाचन म्हणजे सीएसटी ते भांडुप, स्लो लोकल, लेडीज डबा, नशिबात असेल तर खिडकी. त्याचं 2000 साली आलेलं तिसरं पुस्तक मी दोन तुकड्यांच्या पेपरबॅकमध्ये वाचत होते, दुसरा तुकडा चालू होता. त्यातल्या पोरसवदा राजाने, रॉब स्टार्कने, फ्रे घराण्यातली मुलगी करतो म्हणून शब्द दिलेला आणि मोडलेला, त्याची भरपाई म्हणून त्याचा मामा तिथे बोहल्यावर. पोचल्या पोचल्या रॉबची आई त्याला सांगते की आधी खायला माग, पाव आणि मीठ, कारण त्यांच्याकडे एकदा यजमानाचं मीठ पोटात गेलं की पाहुण्याच्या केसाला धक्का लागता कामा नये. तेवढं वाचून मी निर्धास्त झाले. मग गॅलरीतले वाजंत्री एकदम दुश्मनाचं गाणं वाजवायला लागतात, आई एकाची बाही धरते आणि रेशमाखाली हाताला लोखंडी कड्या लागतात.

कुर्ला आणि विद्याविहारच्या मधे माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याने डब्यातल्या पाचसहा जणी वळल्या. समोर एक काकू मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलत होत्या.

‘काय गं, बरं वाटत नाही का?’

‘नाही काकू, पुस्तकात...’

‘गेलं का कुणी?’

‘मुलगा. त्याच्या मामाच्या लग्नात. नवरीच्या बापाने मारलं.’

काकूंनी विचारलं, ‘जेवायच्या आधी की नंतर?’

‘जेवताना.’

त्यांचा हात शेंगेवर थांबला. ‘वाढल्या ताटावर? तळपट होईल मेल्याचं.’

मला त्यांना मीठ, पाहुणा, वेस्टरॉस काहीएक समजावून सांगावं लागलं नाही. त्या मार्टिनच्या थेट मुद्द्यावर आल्या. त्याला हे सुचलं ते स्कॉटलंडच्या इतिहासातून, 1440 साली एडिंबराच्या किल्ल्यात जेवायला बोलावून डग्लस घराण्याच्या कोवळ्या वारसाला आणि त्याच्या भावाला मारलं, आणि 1692 साली ग्लेन्को इथे दोन आठवडे ज्यांच्या घरी पाहुणचार झोडला त्यांनाच सैनिकांनी पहाटे कापलं. डग्लसचा तो मुलगा साधारण सोळाचा. पुस्तकातला रॉबही सोळाचा. अभिमन्यू किती वर्षांचा ते तुम्हाला माहीत आहे. मार्टिनलाही म्हणे तो प्रसंग लिहवत नव्हता, बाकीचं अख्खं पुस्तक संपवून त्याने तो सगळ्यात शेवटी लिहिला.

‘मग त्या नवरीच्या बापाचं पुढे काय झालं?’ काकूंनी विचारलं.

‘अजून तिथवर नाही आले.’

‘मग वाच की. मी डोंबिवलीला उतरणार, मला सांगून जा.’

म्हटलं, मी भांडुपलाच उतरणार. काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की जसं काही मीच मारलं. ‘असं अर्धवट टाकून?’

घरी जाऊन पहाटे तीनपर्यंत वाचलं. आणि मार्टिनला लोक कसाई म्हणतात पण त्याच पुस्तकात तो काही हिशेब चुकते करतो, अजून एक लग्न होतं आणि त्या मांडवात दुसऱ्या बाजूचा नालायक राजा विषाने मरतो, आणि अगदी शेवटच्या पानांत एक फ्रे फासावर जातो. मला वाटलं, आहे, सूर्य थोडासा दिसला. काकू नंतर कधी भेटल्या नाहीत. फार वाटायचं भेटाव्यात.

पुढच्या वर्षी 2 जूनला तोच प्रसंग टीव्हीवर आला, आपल्याकडे सोमवार उजाडला होता. टीव्हीवाल्यांनी त्यात रॉबची गरोदर बायकोही मांडवात आणून बसवली, पुस्तकात ती तिथे नाहीच, वाचलेले आम्ही पण हबकलो. आणि नंतर ते व्हिडिओ फिरायला लागले, पुस्तक आधी वाचलेल्यांनी न वाचलेल्यांचे चेहरे गुपचूप शूट केलेले. ऑफिसात सगळे हसून हसून बघत होते. मला ते आवडले नाहीत, अजूनही आवडत नाहीत. आता कोणी म्हणेल की त्यात काय, आजीलाही पुढचं माहीत असायचं आणि तीही आमचे चेहरे बघायची. बघायची ना. पण अभिमन्यू पडायच्या आधी ती धाकट्याला मांडीवर ओढून घ्यायची. मोबाइल लपवून समोर बसणं वेगळं.

मार्टिनवर माझा राग आहे तो मारल्याबद्दल नाही. जुलै 2011मध्ये पाचवं पुस्तक आलं, त्यात शेवटाकडे रॉबबरोबर वाढलेल्या जॉन स्नोला त्याच्याच माणसांनी भोसकलं, आणि मग बैठक मोडली. सहावं पुस्तक अजून नाही. टीव्हीने 2016ला त्याला उठवून बसवलं पण ते टीव्हीचं, मी पुस्तकवाली आहे, माझ्यासाठी तो पोरगा इतकी वर्षं बर्फात पडलेला आहे आणि आमचा जयद्रथ मोकळा फिरतोय. लेखकाला शिव्या घालणाऱ्यातली मी नाही, माणूस लिहील तेव्हा लिहील, म्हातारा झालाय बिचारा. पण आजी असती तर तिने त्याला हलवून उठवलं असतं एवढं नक्की.

आजी 2009ला गेली. बाबांना आता मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर बारीक अक्षर लागत नाही, दिवसभर कॉटवर रेडिओ. धाकट्याचा मुलगा अकरा वर्षांचा आहे, गणपतीच्या सुट्टीत आमच्याकडे राहायला आला होता, पाच भाग संपवून सहाव्यावर. मी नोकरीला लागल्यावर घेतलेली खरी, कोरी, मऊ उघडणारी प्रत त्याला देत होते तर त्याने जुनीच उचलली.

‘आत्या, हे मधे पांढरं काय आहे?’

मी काहीतरी थाप मारणार होते, तेवढ्यात कॉटवरून बाबा म्हणाले, ‘तिथे नीट उघडत नाही ते. अंगठ्याने दाबून धर.’

चौथ्या दिवशी रात्री साडेनऊला आम्ही बाहेरच्या खोलीत होतो. आई ताटं घेत होती. पोरगं खिडकीत पाय वर घेऊन बसलेलं, अंगठ्याचं नख दाबून दाबून पांढरं झालेलं. आईने जेवायला म्हणून त्याला हाक मारायला तोंड उघडलं तर बाबांनी रेडिओ बंद केला आणि हात वर केला.

‘थांब गं,’ म्हणाले. ‘पांढरं संपू दे त्याचं.’